संगणकाचा वीजपुरवठा आणि त्याचे निदान : दुर्ग-भिलाईचा संदर्भ

संगणकाच्या पेटीत मागच्या कोपऱ्याला बसवलेली, आत पंखा आणि बाहेर रंगीत तारांचा जुडगा असलेली पत्र्याची डबी बाजारात ‘एसएमपीएस’ या नावाने ओळखली जाते. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घेऊन तिच्यापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे स्थिर डीसी दाब तयार करणे आणि ते मदरबोर्ड, हार्ड डिस्क इत्यादी भागांना पुरवणे हे तिचे काम. ही डबी बिघडली म्हणजे संगणक मुकाट्याने बंद पडतो, इतके सरळ हे प्रकरण असते, तर तिच्या निदानाला इतिहास उरला नसता. प्रत्यक्षात बिघडत चाललेली डबी आपला दोष रॅम, हार्ड डिस्क किंवा विंडोजच्या माथी मारते, आणि उलट एखादी निर्दोष डबी घराच्या वायरिंगचे खापर स्वतःवर घेऊन भंगारात जाते. या डबीला दोन बाजू आहेत, एक संगणकाकडची आणि दुसरी भिंतीकडची. संगणकाकडच्या बाजूचे ज्ञान यंत्राबरोबर बाहेरून आले, पुस्तकांतून आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणातून पसरले. भिंतीकडच्या बाजूचे ज्ञान मात्र ज्या त्या गावाच्या विजेनेच तिथल्या कारागिरांना शिकवले. त्यामुळे या कसबाचा इतिहास लिहायचा तर तो एखाद्या ठिकाणी उभे राहूनच लिहावा लागतो, आणि त्यासाठी दुर्ग-भिलाईइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल.

दुर्गचा मातीचा किल्ला १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने छत्तीसगडच्या स्वारीत तळ म्हणून वापरला, आणि तेव्हापासून या गावाचा व्यवहार पश्चिमेला नागपूरशी जोडला गेला. नागपूर-राजनांदगाव हा मीटर गेज रेल्वेमार्ग आणि त्यानंतर बंगाल-नागपूर रेल्वे यांनी तो व्यवहार पक्का केला. १९०६ मध्ये दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याच्या प्रांताची राजधानी नागपूरच राहिली. कचेऱ्या, रेल्वे आणि शाळा यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे दुर्ग, राजनांदगाव आणि रायपूर येथे स्थायिक झाली ती याच काळात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्गच्या शेजारी सेक्टरांमध्ये आखलेले एक नवे शहर उभे राहिले. या शहराच्या विजेची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. कारखान्याच्या वसाहतीला, म्हणजे टाउनशिपला, कारखानाच वीज वितरित करतो, तर दुर्ग शहर आणि वसाहतीबाहेरची सुपेला, कॅम्प ही वस्ती आधी मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या आणि २००० नंतर छत्तीसगडच्या मंडळाच्या जाळ्यावर राहिली. एकाच हवेत, काही किलोमीटरांच्या अंतरात, दोन वेगवेगळ्या हातांनी सांभाळलेल्या विजेवर सारख्याच बनावटीचे संगणक चालत होते. बिघाड डबीचा की विजेचा, हा प्रश्न सोडवण्यासाठी प्रयोगशाळेतही याहून सोयीची मांडणी करता आली नसती.

संगणकाच्या निदानात वीजपुरवठ्याला पहिले स्थान देण्याची रीत वैयक्तिक संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या पहिल्या भारतीय बनावटीच्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि नलिकांच्या त्या पिढीतल्या यंत्रांना निरनिराळे स्थिर डीसी दाब पुरवणारी व्यवस्था स्वतंत्र कपाटांमध्ये बसवावी लागे. अमेरिकेतील एमआयटीच्या व्हर्लविंड या संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्यांनी त्याआधीच एक विलक्षण युक्ती काढली होती. रोज ठरलेल्या वेळी ते पुरवठ्याचा दाब मुद्दाम थोडा खाली-वर करीत आणि त्या ताणाखाली कोणती नलिका चुकते ते पाहून ती आधीच बदलून टाकीत. बिघाड होण्याची वाट न पाहता पुरवठ्यालाच तपासणीचे साधन करण्याची ही दृष्टी पुढे छोट्या यंत्रांच्या काळात मागे पडली, ही खेदाची गोष्ट आहे, कारण दुबळा भाग ताणाखालीच उघडा पडतो हे तत्त्व आजच्या डबीलाही तितकेच लागू आहे.

एसएमपीएस या रचनेचा गाभा समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. जुन्या रेडिओत किंवा अॅम्प्लिफायरमध्ये विजेचा दाब आधी लोखंडी गाभ्याच्या जड ट्रान्सफॉर्मरने उतरवला जाई आणि मग तिचे डीसीत रूपांतर होई; ट्रान्सफॉर्मर जड असण्याचे कारण ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला केवळ ५० आवर्तने करणारी वीज. एसएमपीएसमध्ये क्रम उलटा असतो. २३० व्होल्टची वीज प्रथम थेट डीसीत बदलली जाते, तेव्हा तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि तो मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो; मग दोन ट्रान्झिस्टर तो दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि इतक्या वेगाने बदलणाऱ्या विजेला मुठीत मावेल एवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. १९७७ च्या अॅपल-२ मध्ये रॉड होल्ट यांनी ही रचना घरगुती संगणकात आणली. १९८१ च्या आयबीएम पीसीत ती ६३.५ वॅटची आणि १९८४ च्या पीसी-एटीत १९२ वॅटची झाली. वजन आणि उष्णता घटली, पण दुरुस्ती करणाऱ्यापुढे नवा धोका उभा राहिला. प्लग काढल्यावरही या डबीच्या पोटात ३२५ व्होल्टचा साठा राहू शकतो, म्हणून झाकण उघडल्यावर पहिले काम तो साठा बल्ब किंवा रेझिस्टर लावून उतरवण्याचे, आणि मगच मापनाचे.

१९८४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या नव्या संगणक धोरणानंतर वैयक्तिक संगणक मोठ्या शहरांबाहेर पडू लागले. १९८६ मध्ये दुर्गला भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले तो हाच काळ. तेव्हा संगणक ही फार महागडी वस्तू असल्याने तिच्यापुढे जवळजवळ हटकून एक जड, गुणगुणणारी, हात लावला तर चटका बसेल इतकी तापणारी पेटी ठेवली जाई. ती म्हणजे सीव्हीटी, कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त करून आणि त्याला कॅपॅसिटरची जोड देऊन बाहेरचा दाब स्थिर ठेवण्याची ही युक्ती १९३८ पासूनची, पण तिचा कॅपॅसिटर ५० हर्ट्झला जुळवलेला असतो, आणि वारंवारता एक टक्क्याने घटली तर बाहेर पडणारा दाब साधारण दीड टक्क्याने घटतो. भारतीय विद्युत नियम, १९५६ प्रमाणे वारंवारतेत ३ टक्क्यांपर्यंतच फरक चालत होता, म्हणजे ४८.५ हर्ट्झ ही कायद्याने घातलेली खालची मर्यादा. नव्वदच्या दशकात पश्चिम विभागाची ग्रिड, जिच्यात मध्य प्रदेश आणि म्हणून दुर्गही होते, मागणीच्या वेळी त्या मर्यादेपाशी आणि कधी तिच्याखालीही रेंगाळत असे. कोरब्यासारखे कोळसा आणि वीज यांचे आगर याच भूभागात असूनही ही स्थिती होती, कारण ग्रिड सामाईक असते आणि एका कोपऱ्यातल्या तुटवड्याचा भार सगळ्यांवर पडतो. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली, कमी वारंवारतेच्या वेळी जास्तीची वीज ओढणाऱ्या राज्याला जबर किंमत मोजावी लागू लागली, आणि वारंवारता सावरली. संगणकाच्या दुरुस्तीच्या इतिहासात या तारखेला स्थान मिळायला हवे.

सीव्हीटीच्या मागे लागलेला एसएमपीएस तक्रार का करतो, याचे उत्तर मात्र नुसत्या दाबाच्या मापनातून मिळत नसे. एसएमपीएस १८० व्होल्टवरही सुखाने चालतो. तेव्हा दाब चार-पाच टक्क्यांनी उतरल्याने त्याचे काही बिघडायला नको. खरी मेख विजेच्या लहरीच्या आकारात होती. डबीतला मोठा कॅपॅसिटर लहरीच्या शिखरापर्यंत भरतो, आणि सीव्हीटीतून किंवा स्वस्त यूपीएसमधून बाहेर पडणारी लहर शिखरावर चपटी असते. मीटर २२० व्होल्ट दाखवतो, पण कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टऐवजी बराच कमी दाब साठतो, आणि साठलेली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वीज गेल्यावर त्या साठ्याच्या बळावर डबी जितका वेळ तग धरते त्याला होल्ड-अप काळ म्हणतात. डबी नवी असेल तर तो सुमारे १६ मिलिसेकंद किंवा अधिक असतो. साधा यूपीएस बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद घेतो. नव्या डबीला हे अंतर सहज पार करता येते, पण चार-पाच उन्हाळे काढलेल्या डबीचे कॅपॅसिटर सुकून अर्ध्या धारणेवर आलेले असतात, आणि मग ‘लाईट गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो’ ही ठरलेली तक्रार दुकानात येते. ग्राहक यूपीएसला दोष देतो, त्याची बॅटरी बदलून घेतो, आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. मीटरवर सर्व दाब बरोबर दिसत असताना दोष डबीत आहे हे ओळखायला कारागिराला एकच साधा प्रयोग लागतो : त्याच यूपीएसवर माहितीतली चांगली डबी लावायची आणि भिंतीवरचे बटण बंद करायचे. ज्या भागात वीज दिवसातून अनेकदा जाते तिथे हा प्रयोग विद्युत मंडळच फुकट करून दाखवत असे.

भिंतीकडच्या बाजूची दुसरी शिकवण अर्थिंगची. डबीच्या तोंडाशी गोंगाट गाळणारा जो फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्यापासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसलेला असेल, तर संगणकाचा पत्रा निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो, टेस्टर लावला की दिवा लागतो आणि अनवाणी माणसाला मुंग्या येतात. ‘बॉडीला करंट येतो’ या तक्रारीवर बदललेल्या डब्यांपैकी कितीतरी पूर्ण निर्दोष असत, आणि नवी डबी लावल्यावरही मुंग्या तशाच येत राहत. दुर्ग-भिलाईच्या भागात नंदिनीचे चुनखडीचे पट्टे आहेत, उन्हाळ्यात जमीन खोलवर कोरडी पडते, आणि मीठ-कोळसा घालून भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचे राहिले की तो निकामी होतो. म्हणून चांगला कारागीर पत्रा उघडण्याआधी फेज आणि अर्थ यांच्यातला दाब मोजतो. तो २३० च्या जवळ नसेल तर डबीची तपासणी तिथेच थांबवतो.

संगणकाकडच्या बाजूचे निदान टेबलावर चालते, आणि त्याची साधने मोजकी आहेत. त्यांत पहिला क्रमांक मल्टिमीटरचा. भारतात अनेक पिढ्यांच्या हाती मोटवाने कंपनीचा काट्याचा मल्टिमीटर राहिला; १९०९ मध्ये सिंध प्रांतात सुरू झालेल्या या कंपनीने फाळणीनंतर नाशिकरोडला मापनयंत्रांचे उत्पादन उभारले. दुसरे साधन कोणत्याही परदेशी पुस्तकात सहसा नसते, ते म्हणजे सिरीज बोर्ड : लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात ६० किंवा १०० वॅटचा साधा बल्ब, आणि त्याच्याशी मालिकेत जोडलेले सॉकेट. संशयित डबी या सॉकेटमध्ये लावली की बल्बच निकाल सांगतो. तो क्षणभर उजळून मंद झाला तर मोठे कॅपॅसिटर भरले आणि आत शॉर्ट नाही. तो पूर्ण तेजाने जळत राहिला तर ब्रिज रेक्टिफायर किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला आहे. आणि तो लागलाच नाही तर फ्यूज उडालेला आहे. फ्यूज उडालेला दिसला म्हणजे नुसता फ्यूज बदलून वीज देणे हा शिकाऊ माणसाचा धोक्याचा मोह, कारण तो फ्यूज सहसा दुसऱ्या कशामुळे तरी उडालेला असतो. सिरीज बोर्डवर तोच मोह निरुपद्रवी होतो, कारण सगळा धक्का बल्ब झेलतो. या साध्या फळीची उपयुक्तता पाहता तिच्याबद्दल इतके थोडे लिहिले गेले आहे याचे नवल वाटते.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना मांडली आणि टेबलावरची पद्धत बदलली. त्याआधीच्या एटी डब्यांचे मदरबोर्डला जाणारे दोन सारखेच जोड असत, पी-८ आणि पी-९. ते अदलाबदल झाले तर बोर्ड जळे, म्हणून काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत हा पहिला धडा होता. एटीएक्समध्ये एकच जोड आला, पण डबी सुरू करण्याचा अधिकार मदरबोर्डकडे गेला. प्लग लावल्याबरोबर जांभळ्या तारेवर ५ व्होल्टचा स्टँडबाय दाब येतो, बटण दाबल्यावर बोर्ड हिरवी तार काळ्या तारेला, म्हणजे ग्राउंडला जोडतो, आणि सर्व दाब स्थिरावल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत डबी राखाडी तारेवर ‘पॉवर गुड’ हा संकेत देते; तो मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. मदरबोर्डशिवाय डबी तपासायची तर हिरवी आणि काळी तार वायरच्या तुकड्याने जोडायची, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण पंखा फिरला म्हणजे डबी चांगली, हा त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र सर्रास चुकीचा ठरतो. टाकीत पाणी किती आहे हे नळ उघडल्याशिवाय कळत नाही, तसा डबीचा दाब भार टाकल्याशिवाय कळत नाही. आयबीएमने हार्ड डिस्क नसलेल्या पीसी-एटीत ५ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर केवळ भार म्हणून बसवला होता. टेबलावर त्याची जागा मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब किंवा जुनी हार्ड डिस्क घेऊ शकते. पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवरचा दाब भाराखाली ११.४ च्या खाली किंवा लाल, म्हणजे ५ व्होल्टच्या तारेवरचा ४.७५ च्या खाली गेला, तर पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली आणि डबी नापास झाली.

या सगळ्यात जास्त फसवणारा दोष स्टँडबाय भागातल्या छोट्या कॅपॅसिटरचा. हा भाग प्लग लावलेला असेपर्यंत रात्रंदिवस जागा असतो, त्याचा कॅपॅसिटर तापत्या भागांच्या शेजारी बसवलेला असतो, आणि सुकलेल्या कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध थंडीत आणखी वाढतो. परिणामी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी संगणक चार-पाचदा बटण दाबूनही उठत नाही, दहा वाजता आपोआप सुरू होतो, आणि दुकानात आणेपर्यंत त्याला काहीच झालेले नसते. अशा डबीला रात्रभर प्लग काढून ठेवून सकाळी पहिल्या प्रयत्नातच तपासावे लागते.

१९९९ ते २००७ या काळात तैवानमधील काही उत्पादकांच्या कॅपॅसिटरमध्ये सदोष विद्राव भरला गेल्याने जगभर मदरबोर्ड आणि वीजपुरवठे अकाली निकामी झाले. २००५ मध्ये डेल कंपनीने त्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. कॅपॅसिटरच्या डोक्यावरची खाच फुगणे आणि तिथून तपकिरी रस पाझरणे हे चिन्ह याच काळात सर्वांना डोळ्यांनी ओळखता येऊ लागले. दुर्ग-भिलाईत या साथीला उन्हाळ्याची जोड मिळाली. कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, आणि मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या घरात गेले की डबीच्या आत ते किती असेल याचा अंदाज करता येतो. म्हणूनच डागडुजी करताना ८५ अंशांच्या ऐवजी १०५ अंशांचा कॅपॅसिटर बसवणे हा जाणत्या कारागिरांचा शिरस्ता आहे.

वादळी पावसात किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटल्यावर येणारे बिघाड आणखी निराळे. न्यूट्रल तुटला की एका फेजवरच्या घरांना ४०० च्या दिशेने चढलेला दाब मिळू शकतो, आणि एकाच गल्लीतल्या अनेक डब्या, टीव्ही, चार्जर एकाच संध्याकाळी जातात. अशा वेळी ग्राहकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘शेजाऱ्यांचे काय गेले?’ हाच. वीज कोसळल्यावर मात्र डायल-अप इंटरनेटच्या दिवसांत धक्का टेलिफोनच्या तारेतून मोडेमवाटे आत शिरे आणि डबी शाबूत राहून मदरबोर्ड जाई.

डबी उघडून दुरुस्त करण्याची परंपरा गेल्या दोन दशकांत आक्रसली, कारण नवी डबी आणि कारागिराची मजुरी यांतले अंतरच उरले नाही. २०१२ च्या आदेशाने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू झाली, त्याच वर्षी ई-कचऱ्याचे नियमही अमलात आले, तरी पेटीवर ४५० वॅट छापून आत त्याच्या निम्म्यालाही न पुरणारे भाग बसवलेल्या डब्या बाजारातून हटलेल्या नाहीत, आणि वजन हातात तोलून डबीची पारख करण्याची जुनी सवय त्यामुळे अजून कामाला येते. डबी बदलणे सोपे झाले म्हणून निदान सोपे झाले असे मात्र नाही. आजच्या चांगल्या डब्यांमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाचे मंडल असते, जे भिंतीतून येणारा प्रवाह लहरीच्या आकाराशी जुळवून घेते. चौकोनी लहर देणाऱ्या घरगुती इन्व्हर्टरवर हेच मंडल गोंधळू शकते, आणि भिंतीच्या विजेवर निर्वेध चालणारी डबी इन्व्हर्टरवर जाताच बंद पडते. ती बदलून आणलेली नवी डबीही तशीच बंद पडली, तर शोध पुन्हा भिंतीकडच्या बाजूलाच करावा लागतो, आणि तिथे लहरीचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप नसेल तर शुद्ध साइन लहरीचा दुसरा इन्व्हर्टर आणून लावून पाहणे एवढाच मार्ग कारागिराला उरतो.